फळ्यावरचे एक साल



इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकाला सालांची मोठी धास्ती असते. एखाद्या सरदाराचे नाव उच्चारताना जीभ अडखळली तर मुले हसतात आणि सोडून देतात. परंतु साल चुकले की शेवटच्या बाकावरचा मुलगाही पुस्तक उघडून उभा राहतो. माझ्या हातून असे एकदोन वेळा घडले आहे आणि फळा पुसताना कान तापल्याचे मला अजून आठवते. म्हणूनच 2024 च्या एप्रिल महिन्यात फळ्यावर लिहिलेल्या एका सालावरून देशोदेशी जो वाद उसळला, त्याची हकीकत कानी येताच मी ती कुतूहलाने ऐकली.

तो फळा खऱ्या शाळेतला नव्हता. ‘फॉलआऊट’ नावाच्या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत जमिनीखालच्या एका वर्गात तो टांगलेला दिसतो. शेडी सँड्स या नगराचे पतन 2277 साली झाले, असे त्यावर खडूने लिहिलेले होते, आणि पुढे एक बाण काढून स्फोटाच्या ढगाचे चित्र रेखाटले होते. नगर काल्पनिक, पतन काल्पनिक, आणि साल तर अद्याप उगवायचे आहे. असे असूनही हे चित्र पाहताच असंख्य प्रेक्षकांनी ते पडद्यावर थांबवून पुन्हा पुन्हा वाचले, जुने संदर्भ काढले आणि साल चुकले आहे असा आक्षेप घेतला. काहींना तर आपली जन्मभूमीच नकाशावरून पुसली गेल्यासारखे दुःख झाले.

प्रौढ माणसांनी एका खेळातील तारखेसाठी इतके कासावीस व्हावे हे प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. मलाही तसेच वाटले होते. परंतु माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी मला या खेळांचा वृत्तांत सविस्तर सांगितला, त्यावरून आपापसांत कडाडून वाद घातला आणि मला पंच नेमले, तेव्हा माझे मत पालटले. या वादात इतिहासाचा एक जुना आणि खराखुरा प्रश्न दडलेला आहे. तो कोणता, हे कळण्यासाठी आरंभापासून सुरुवात करावी लागेल.

अणुस्फोटानंतर आकाशात उधळलेली किरणोत्सारी धूळ हळूहळू खाली बसते. तिला इंग्रजीत ‘फॉलआऊट’ म्हणतात. याच नावाचा संगणकावरील खेळ 1997 च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील इंटरप्ले या कंपनीने प्रसिद्ध केला. टिम केन या तंत्रज्ञाने आरंभी जवळजवळ एकट्यानेच त्याची उभारणी सुरू केली होती. इंटरप्लेने 1988 साली ‘वेस्टलँड’ नावाचा अशाच उजाड जगाचा खेळ तयार केला होता, पण त्या नावाचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे राहिल्यामुळे नवे नाव आणि नवे जग रचावे लागले. या खेळांचा प्रकार भूमिका वठवण्याचा. खेळणारा आपल्या पात्राला बळ, निरीक्षण, सोशिकता, मोहकता, बुद्धी, चपळाई आणि दैव असे सात गुण कमीअधिक प्रमाणात वाटून देतो, आणि मग त्या गुणांच्या आधारे जगात वावरतो. बुद्धीचा वाटा फारच थोडा दिला तर ते पात्र धड बोलूही शकत नाही आणि समोरची माणसे त्याच्याशी त्याच बेताने वागतात.

खेळातील इतिहास असा: 23 ऑक्टोबर 2077 रोजी अमेरिका आणि चीन यांच्यात महायुद्ध भडकले आणि अवघ्या दोन तासांत जग भस्मसात झाले. मौज अशी की हे भविष्यकाळातले जग आवडीनिवडीने 1950 च्या सुमारास थबकलेले आहे. मोटारी, जाहिराती, रेडिओवरची गाणी सारी त्या दशकातील. त्या काळी अमेरिकन सरकारने शाळकरी मुलांसाठी 1951 साली ‘डक अँड कव्हर’ नावाचा चित्रपट काढवला होता. अणुबॉम्ब पडला तर बाकाखाली वाकून डोके झाकावे, हे त्यात एक कासव आनंदाने शिकवते. त्या भाबड्या आशावादावरचा कडवट विनोद हा या खेळाचा प्राण होय. त्यातील जमिनीखालच्या आश्रयस्थानांना ‘व्हॉल्ट’ म्हणतात, आणि त्यांच्या प्रत्येक सूचनापत्रकावर हसऱ्या चेहऱ्याचा एक मुलगा अंगठा उंचावून उभा असतो.

पहिल्या खेळाचा नायक अशाच तेरा क्रमांकाच्या व्हॉल्टमध्ये वाढलेला आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा एक भाग निकामी होतो आणि तो दीडशे दिवसांत शोधून आणण्यासाठी त्याला बाहेर पाठवतात. वाटेत त्याला मातीच्या भिंतींचे एक लहानसे खेडे लागते, तेच शेडी सँड्स. तेथील मुखियाची मुलगी टँडी हिला लुटारू पळवून नेतात; नायकाने मनावर घेतले तर तो तिला सोडवून आणतो. खेळाच्या शेवटी एकेका वसाहतीचे पुढे काय झाले ते सांगितले जाते, आणि तुम्ही तेथे जसे वागला असाल तसे तिचे नशीब ठरते.

आणखी एक गोष्ट इतिहासशिक्षकाला मोहवणारी आहे. या कथेतील खलपुरुष मानवजातीचे रूपांतर करून एक नवी, किरणोत्साराला न भिणारी प्रजा निर्माण करू पाहतो. त्याला शस्त्राने मारता येते. पण ती नवी प्रजा वांझ आहे, तिला पुढची पिढी होणार नाही, असा लेखी पुरावा गोळा करून त्याच्यासमोर ठेवला तर तो पटतो, खचतो, आणि स्वतःच आपल्या कार्याचा अंत करतो. पुराव्याने युद्ध थांबल्याचे असे उदाहरण कल्पनेतही क्वचितच आढळते. एवढे करून नायक घरी परततो तेव्हा व्हॉल्टचा प्रमुख त्याला दारातच अडवतो. तू बाहेरचे जग पाहिले आहेस, तुझ्या गोष्टी ऐकून इतर मुलेही निघून जातील, असे सांगून तो त्याला कायमचे निरोप देतो.

दुसरा खेळ 1998 साली आला. त्याची कथा ऐंशी वर्षांनंतर, 2241 साली घडते. जुना खेळाडू त्या जगात शिरतो आणि पाहतो तो काय, शेडी सँड्सचे ते मातीचे खेडे आता एका प्रजासत्ताकाची राजधानी झाले आहे, आणि लुटारूंच्या हातून सुटलेली ती टँडी वृद्धापकाळी त्याची अध्यक्ष आहे. हा क्षण ज्यांनी अनुभवला, त्यांचे त्या नगराशी नाते का जडले हे समजणे कठीण नाही. आपण केलेले एक चांगले काम वाया गेले नाही, त्यातून काहीतरी उभे राहिले, असे सांगणारे जग प्रत्यक्षातही आपल्या वाट्याला थोडेच येते.

यानंतर या कथेची मालकी बदलली आणि वादाला खरा आरंभ झाला. इंटरप्ले आर्थिक अडचणीत सापडली. तिचा ‘ब्लॅक आयल’ हा विभाग 2003 च्या डिसेंबरात बंद झाला आणि तिसऱ्या खेळाचे सुरू असलेले काम अर्धवट राहिले. 2004 साली मेरीलँडमधील बेथेस्डा कंपनीने नव्या खेळाचा परवाना घेतला आणि 2007 साली 57 लाख 50 हजार डॉलर मोजून संपूर्ण हक्कच विकत घेतले. 2008 च्या ऑक्टोबरात तिचा ‘फॉलआऊट 3’ प्रसिद्ध झाला. कथा कॅलिफोर्निया सोडून वॉशिंग्टनच्या अवशेषांत गेली. पूर्वी खेळाडू पटाकडे वरून पाहत असे आणि बुद्धिबळाप्रमाणे पाळीपाळीने डाव टाकत असे. आता तो पात्राच्याच डोळ्यांनी समोर पाहत चालू लागला.

जुन्या पंथाने आक्षेप घेतला की यात विचाराची जागा नेमबाजीने घेतली. बोलून प्रश्न सोडवण्याचे मार्ग आकसले, पात्राच्या गुणांपेक्षा खेळाडूच्या हाताची चपळाई महत्त्वाची ठरली, आणि नाव तेवढे जुने राहिले. नव्या पंथाचे उत्तरही दुबळे नव्हते. व्हॉल्टचे जड दार उघडते, डोळे दिपतात, आणि हळूहळू दूरवर उद्ध्वस्त शहर दिसू लागते, हा अनुभव वरून पाहताना कधी आला नसता. शिवाय या खेळामुळेच लाखो लोकांना मूळ कथेची ओळख झाली, नाहीतर ती जुन्या संगणकांबरोबर माळ्यावर पडून राहिली असती. जुने संगीत नाटक नव्या संचात, नव्या नेपथ्यात उभे राहिले की आपल्याकडेही प्रेक्षागृहाबाहेर नेमके असेच दोन तट पडतात. एकाला पद हरवल्याचे दुःख, तर दुसऱ्याला नाटक जगल्याचा आनंद.

परंतु मला त्याहून अधिक महत्त्वाचा वाटला तो दुसरा मुद्दा. हा नवा खेळ महायुद्धानंतर तब्बल दोनशे वर्षांनी घडतो. तरीही लोक पत्र्याच्या झोपड्यांत राहतात, घरांत सांगाडे तसेच पडलेले असतात, आणि दुकानांच्या फळ्यांवर युद्धापूर्वीचे डबे सापडतात. आक्षेपकांनी विचारले, दोनशे वर्षांत कोणी झाडू कसा मारला नाही? शेत कोठे आहे? ही माणसे खातात काय? समर्थक म्हणतात की हे अवशेष म्हणजे जनगणनेचा अहवाल नाही. ते युद्धाच्या भयानकतेचे चित्र आहे आणि चित्र म्हणूनच पाहावे.

येथे खरा इतिहास काय सांगतो ते पाहण्यासारखे आहे. हिरोशिमावर 6 ऑगस्ट 1945 रोजी अणुबॉम्ब पडला. 9 ऑगस्टला, म्हणजे तीनच दिवसांनी, त्या शहराच्या एका भागात ट्राम पुन्हा धावू लागली. चार वर्षांनी, 1949 साली, शांतिस्मारक नगर म्हणून हिरोशिमाच्या पुनर्रचनेचा कायदा झाला. माणूस ढिगाऱ्यात राहून राहत नाही. तो प्रथम मृतांना पुरतो, मग रस्ता मोकळा करतो, मग शाळा भरवतो. या बाबतीत जुन्या पंथाची बाजू मला सबळ वाटते. शेडी सँड्सच्या मागे मानवी स्वभावाचे हे सत्य होते. मात्र हेही मान्य केले पाहिजे की हिरोशिमाच्या मदतीला उभा राहणारा उर्वरित देश होता. 2077 च्या त्या काल्पनिक जगात मदतीला कोणीच उरलेले नव्हते.

तिसरा वाद ‘ब्रदरहुड ऑफ स्टील’ या संघाविषयीचा आहे, आणि येथे माझ्या धर्मबांधवांना परिचित असे एक सूत्र लागते. वॉल्टर मिलर हा अमेरिकन लेखक दुसऱ्या महायुद्धात विमानदळात होता. 1944 च्या फेब्रुवारीत इटलीतील मोंते कासिनो येथील संत बेनेदिक्त यांचा पुरातन मठ बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाला, त्या कामगिरीत तोही होता. 1947 साली त्याने कॅथलिक धर्म स्वीकारला. पुढे 1959 साली त्याची ‘ए कँटिकल फॉर लीबोविट्झ’ ही कादंबरी निघाली. अणुयुद्धानंतर वाळवंटातील एका मठातले संन्यासी जुन्या विज्ञानाचे कागद, अर्थ न समजताही, शतकानुशतके नकलून जतन करतात, असा तिचा विषय आहे. फॉलआऊटच्या मूळ कर्त्यांनी आपल्या प्रेरणास्थानांत या कादंबरीचा उल्लेख केला आहे, आणि त्या संघात मठाची छाया स्पष्ट दिसते. पहिल्या खेळात हे लोक यंत्रविद्या जतन करतात, पण ती कुणाला देत नाहीत. तिसऱ्या खेळात त्यांचाच एक गट दीनदुबळ्यांचे रक्षण करणारा शूरांचा संघ बनला. जुन्या चाहत्यांनी हा स्वभावपालट नापसंत केला. गंमत अशी की या आक्षेपाला खेळातच जागा दिलेली आहे. मूळ व्रत सोडले म्हणून काही सभासद फुटून निघतात आणि स्वतःला बहिष्कृत म्हणवतात. ज्ञान जपावे की वाटावे, हा प्रश्न खऱ्या मठांपुढेही होता. ज्यांनी फक्त जपले त्यांचे ग्रंथ पुष्कळदा वाळवीने खाल्ले, हे आपण शिक्षकांनी तरी विसरू नये.

चौथा प्रसंग तर चाहत्यांच्या शक्तीचा दाखलाच आहे. तिसऱ्या खेळाचा नायक आपल्या पित्याचे अपुरे कार्य, म्हणजे सर्वांना शुद्ध पाणी देणारे यंत्र, पुरे करतो. यंत्राची किल्ली आहे दोन, एक, सहा हे आकडे. नायकाच्या आईला ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातील सहावे वचन प्रिय होते. तहानेल्याला जीवनाचे पाणी फुकट देण्याचे अभिवचन त्यात आहे. हे आकडे दाबण्यासाठी घातक किरणोत्साराच्या खोलीत शिरावे लागते, आणि तेथे नायकाचा अंत होतो. येथे खेळाडूंनी साधा प्रश्न केला. नायकाबरोबर फॉक्स नावाचा सोबती असतो, त्याच्या शरीरावर किरणोत्साराचा काहीच परिणाम होत नाही. मग तो आत का जात नाही? तो तर ‘हे तुझे प्राक्तन आहे’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून बाजूला उभा राहतो! बलिदान खरे वाटायचे तर दुसरा मार्ग खरोखरच बंद असावा लागतो. टीका इतकी झाली की 2009 च्या मे महिन्यातील पुरवणीत कंपनीने शेवट बदलला. सोबत्याला आत पाठवण्याची मुभा दिली आणि कथा पुढे चालू ठेवली. प्रकाशित झालेल्या कथेचा शेवट वाचकांच्या तर्काने बदलावा, ही वाङ्मयाच्या इतिहासातही नोंद घेण्याजोगी घटना होय.

2010 साली ‘न्यू व्हेगास’ हा खेळ निघाला. तो बेथेस्डाने ऑब्सिडियन या कंपनीकडून सुमारे दीड वर्षात करवून घेतला. ऑब्सिडियनची स्थापना 2003 साली ब्लॅक आयलमधील जुन्या मंडळींनी केली होती, म्हणजे कथा काही काळ माहेरी आली असे म्हणता येईल. 2281 सालच्या या कथेत शेडी सँड्सचे प्रजासत्ताक हूव्हर धरणासाठी लढत आहे, पण आता ते कर लादणारे, पसरलेले, थकलेले राज्य झाले आहे. त्याच्या बाजूने, त्याच्या विरुद्ध, किंवा सर्वांना दूर सारून, असे अनेक मार्ग खेळाडूपुढे असतात, आणि शेवटी एकेका वसाहतीचे भवितव्य पूर्वीप्रमाणे सांगितले जाते. प्रसिद्धीच्या वेळी हा खेळ यांत्रिक दोषांनी भरलेला होता. तरी वादात सर्वांत अधिक प्रेमाने नाव घेतले जाते ते त्याचेच. त्यानंतर 2015 साली चौथा खेळ आला, त्यात नायकाला ठरलेला आवाज मिळाला आणि उत्तरांचे पर्याय बहुधा चारावर आले. 2018 साली अनेकांनी एकत्र खेळायचा ‘फॉलआऊट 76’ आला, त्यात आरंभी बोलायला एकही जिवंत मानवी पात्र नव्हते. चाहत्यांनी हे एकांताचे जग नाकारले, आणि 2020 च्या एप्रिलमध्ये कंपनीला त्यात माणसे आणावी लागली.

आता मी सर्वांत नाजूक मुद्द्याकडे येतो. तिसऱ्या खेळात मेगाटन नावाचे एक गाव आहे. ते न फुटलेल्या अणुबॉम्बभोवती वसले आहे, आणि खेळाडूला तो बॉम्ब निकामी करता येतो किंवा मोबदला घेऊन फोडताही येतो. लहान अणुगोळे फेकणारे एक शस्त्रही त्यात आहे. त्याचे नाव ‘फॅट मॅन’. जपानमध्ये हा खेळ गेला तेव्हा गाव उडवण्याचा मार्ग काढून टाकण्यात आला आणि शस्त्राचे नाव बदलले गेले. आपल्या देशाशीही या खेळाचा संबंध येतो. 2008 च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक भावनांचा निर्देश करून आपल्या यंत्रावरचा हा खेळ भारतात न आणण्याचा निर्णय जाहीर केला. नेमके काय खटकले ते सांगितले नाही. परंतु खेळात दोन डोक्यांच्या गुरांना ‘ब्राह्मिण’ म्हणतात, तेच कारण असावे असा तर्क सर्वत्र झाला. एकाच कथेत निरनिराळ्या देशांची निरनिराळी दुखरी जागा सापडली.

जपानची ती जागा किती खोल आहे, हे ‘फॅट मॅन’ या नावावरून कळते. 9 ऑगस्ट 1945 रोजी नागासाकीवर पडलेल्या खऱ्या बॉम्बचे नाव हेच होते. तो शहराच्या उराकामी भागात फुटला. छळाच्या शतकांत गुप्तपणे श्रद्धा जपलेल्या कॅथलिकांची ही वस्ती. त्यांचे महामंदिर स्फोटस्थानापासून सुमारे पाचशे मीटरांवर होते. पंधरा ऑगस्टच्या सणापूर्वी पापनिवेदनासाठी जमलेले भाविक आणि दोन धर्मगुरू तेथेच मरण पावले. उराकामीच्या सुमारे 12000 कॅथलिकांपैकी सुमारे 8500 त्या बॉम्बला बळी पडले. वाचलेल्यांनी ढिगाऱ्यातून एक घंटा शोधून काढली आणि त्याच वर्षी नाताळला ती वाजवली. मंदिर 1959 साली पुन्हा उभे राहिले. दुसऱ्या बुरुजावरची जागा मात्र रिकामी होती. अमेरिकेतील कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली आणि 9 ऑगस्ट 2025 रोजी, बॉम्ब फुटला त्याच क्षणी, 11 वाजून 2 मिनिटांनी, दोन्ही घंटा एकत्र निनादल्या.

हे सारे ठाऊक असणाऱ्याने त्या शस्त्राच्या नावाला हसावे काय? कित्येक चाहत्यांनीही हाच प्रश्न विचारला आहे. पहिल्या खेळात बॉम्ब ही घडून गेलेली, न भरून येणारी जखम होती. पुढे ते हाती घेऊन उडवायचे खेळणे झाले, अशी त्यांची तक्रार आहे. दुसरे म्हणतात, मेगाटन उडवणाऱ्यालाच आपण काय केले हे कळते. पर्यायच काढून घेतला तर धडाही जातो. मला पहिली बाजू अधिक जवळची वाटते, तरी दुसरीत तथ्य नाही असे म्हणवत नाही. माझ्या त्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने लहानपणी मेगाटन उडवले होते. नंतर तेथील माणसांची नावे आठवून त्याला झोप लागली नाही, आणि शेवटी त्याने खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, असे त्याने मला सांगितले. दुसरा त्यावर हसला नाही.

आता त्या फळ्याकडे परत वळू. 2277 साली शेडी सँड्स पडले असेल, तर 2281 सालच्या न्यू व्हेगासच्या कथेत तेथील प्रजासत्ताक सुखरूप कसे? त्या खेळाचा इतिहासच नव्या मालकाने रद्द केला काय? असा हा आक्षेप होता. बेथेस्डाचे टॉड हॉवर्ड यांनी खुलासा केला की बॉम्ब न्यू व्हेगासच्या घटनांनंतरच पडला. चाहत्यांनी मग फळा पुन्हा वाचला. पतनाचे साल एका जागी आहे आणि ढगाचे चित्र बाणाच्या टोकाला, सालाविना. म्हणजे 2277 हे ऱ्हासाच्या प्रारंभाचे साल, स्फोट नंतरचा, असा अन्वय त्यांनी लावला. एखाद्या शिलालेखातील पुसट अक्षरावरून संशोधक जसे भांडतात, तसेच हे भांडण, आणि पद्धतही तीच: मूळ पाहावे, दुसऱ्या साधनाशी ताडावे, विसंगती जाहीर करावी आणि नवा पुरावा आला तर मत बदलावे.

तरीही सर्वांचे समाधान झाले नाही, आणि त्याचे कारण मला कळते. साल जुळले तरी नगर गेले ते गेलेच. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका मुलाने जे खेडे वाचवले, जे राजधानी होताना पाहिले, त्याच्या जागी आता पडद्यावर एक खड्डा आहे. कर्त्याला कथेत नगर बुडवण्याचा अधिकार नाही असे मी म्हणणार नाही. खऱ्या इतिहासातही राजधान्या बुडाल्या आहेत. परंतु ज्यांच्या हातांनी ते नगर उभे राहिले, त्यांना विश्वासात घेऊन, कारण दाखवून ते बुडवावे लागते. खरेदीखताने कथेचे हक्क मिळतात. पाठीमागचा विश्वास त्या खतात लिहिलेला नसतो, तो प्रत्येक नव्या मालकाला पुन्हा मिळवावा लागतो. 2021 साली बेथेस्डाही मायक्रोसॉफ्टच्या मालकीची झाली. ऑब्सिडियन 2018 पासून तेथेच होती. दोन्ही पंथांची घरे आज एकाच छपराखाली आहेत, तरी वाद मिटलेला नाही, आणि 2025 च्या डिसेंबरात मालिकेचा दुसरा भाग न्यू व्हेगासकडे वळल्यावर तो मिटण्याचे कारणही उरले नाही.

पंच म्हणून मी कोणता निकाल दिला, असे तुम्ही विचाराल. खेळ कोणता चांगला हे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि तसे मी त्या दोघांना सांगितले. पण भांडण व्यर्थ नाही, असा निर्वाळा मात्र दिला. आपल्या कृत्याचा माग जगात राहतो, हे ही मुले मनापासून मानतात, आणि जो तो माग पुसू पाहतो त्याला जाब विचारतात. हीच वृत्ती त्यांनी घडून गेलेल्या इतिहासाकडेही न्यावी, इतकीच माझी विनंती होती. 2077 ची तारीख ज्याला पाठ आहे त्याला 1945 ची माहिती असावी. शेडी सँड्ससाठी जो हळहळला त्याने उराकामीच्या घंटेची हकीकतही ऐकावी.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर 9 ऑगस्ट 1945 ही तारीख लिहिली आणि पुढे एक बाण काढला. बाणाच्या टोकाला काय काढावे, असे मुलांना विचारले. एकीने पुढे येऊन घंटा काढली. दुसरी घंटा तिच्या शेजारी मी काढली.